ओव्हन का तापत नाही?

या पाठात आपण घरगुती गॅस ओव्हनमध्ये उष्णता कशी निर्माण होते, ती कमी का पडते आणि त्यामागचे कारण क्रमाक्रमाने कसे शोधावे, हे पाहणार आहोत. कोणते काम घरच्या माणसाने करावे आणि कोणते जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवावे, याचाही विचार करणार आहोत.

दिवाळी आठ दिवसांवर आलेली असते. नानकटाईचे ताट ओव्हनमध्ये ठेवून अर्धा तास होतो, तरी ती पांढरीफटक राहते. कधी खालून करपते आणि वरून कच्ची राहते. कधी ताटाचा डावा भाग खरपूस होतो आणि उजव्या भागातील पीठ नुसते पसरते. अशा वेळी घरात दोनच मते ऐकू येतात. एक मत असे, की पीठ बिघडले. दुसरे असे, की ओव्हन बिघडला. दोन्ही मते घाईची असतात. वरील तीन लक्षणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकामागे वेगळे कारण असू शकते. ते ओळखण्यासाठी ओव्हन तापतो कसा, हे आधी समजले पाहिजे.

उष्णता पोहोचते कशी?

ओव्हन घरोघरी येण्यापूर्वीही आपल्याकडे पदार्थ भाजले जात होते. पातेल्यात वाळू घालून ती तापवत, आत ताटली ठेवत आणि झाकणावर निखारे पसरत. खाली विस्तव आणि वर विस्तव, अशी ती रचना असे. दिवाळीत नानकटाईचे पीठ मळून, ताटे भरून ती जवळच्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याचीही रीत होती. या सर्व पद्धतींत एकच तत्त्व आहे. पदार्थाला सर्व बाजूंनी, सारखी आणि बेताची उष्णता मिळाली पाहिजे.

गॅस ओव्हनमध्ये ही उष्णता पदार्थापर्यंत तीन वाटांनी जाते. तळाशी असलेल्या बर्नरमुळे आतील हवा तापते आणि गरम हवा वर चढत पदार्थाभोवती फिरते, ही पहिली वाट. ओव्हनच्या तापलेल्या भिंती आणि छत आपली उष्णता पदार्थावर टाकतात, ही दुसरी वाट. तापलेल्या ताटातून पदार्थाच्या तळाला थेट उष्णता मिळते, ही तिसरी वाट. गरम हवेला फिरायला जागा उरली नाही, भिंती पुरेशा तापल्या नाहीत किंवा ताट फार पातळ असले, तर ज्योत उत्तम असूनही पदार्थ बिघडतो. म्हणून ओव्हन न तापणे आणि पदार्थ नीट न भाजला जाणे या दोन तक्रारी वेगळ्या समजाव्यात.

ओव्हन पेटवल्यापासून किमान पंधरा ते वीस मिनिटे तो रिकामाच तापू द्यावा. आतील हवा लवकर तापते. भिंतींना मात्र वेळ लागतो. केवळ हात घालून ऊब जाणवली म्हणून ताट आत ठेवले आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून पाहिले, तर चांगल्या ओव्हनचीही उष्णता कमी पडते. पुष्कळशा तक्रारींचे उत्तर येथेच सापडते.

शोधाची सुरुवात कोठून करावी?

विहिरीचे पाणी शेतात पोहोचत नसेल, तर शेतकरी पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाणी कोठवर आले आहे ते पाहतो. गॅसचेही तसेच पाहावे. गॅस सिलिंडरमधून किंवा भिंतीवरील नळातून निघतो, रेग्युलेटर, नळी आणि कळ यांतून जेटपर्यंत येतो, हवेत मिसळतो आणि बर्नरच्या छिद्रांवर जळतो. या मार्गाने पायरी पायरीने चालत गेले, की अडथळ्याची जागा सापडते.

पहिली पायरी अगदी सोपी आहे. ओव्हनशेजारच्या शेगडीचा बर्नर पेटवून पाहावा. शेगडीची ज्योतही मंद असेल, तर दोष गॅसच्या पुरवठ्यात आहे. शेगडी जोमाने पेटत असेल आणि ओव्हनच मंद असेल, तर दोष ओव्हनच्या आत आहे. या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

पुरवठ्यात दोष असेल, तर सिलिंडर संपत आला आहे का, रेग्युलेटरची कळ पूर्ण फिरवलेली आहे का, नळी ओव्हनच्या मागे दबली किंवा वळली आहे का, हे पाहावे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो दाबाखाली द्रवरूपात साठवलेला असतो. बर्नरकडे जाण्यापूर्वी त्याची वाफ होते. वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, त्यामुळे सिलिंडर थंड पडतो. ओव्हन आणि शेगडीचे दोन बर्नर एकाच वेळी बराच काळ चालू ठेवले, तर सिलिंडर इतका गार होतो, की त्याच्या बाहेरील बाजूस दव साचते. मग वाफ कमी तयार होते आणि ज्योत मंदावते. सिलिंडर जवळजवळ रिकामा असला, तर हे लवकर जाणवते.

अशा वेळी काही घरांत सिलिंडर आडवा करतात, हलवतात किंवा गरम पाण्यात ठेवतात. या तिन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. आडव्या सिलिंडरमधील द्रव थेट नळीत उतरतो आणि बर्नरपाशी ज्योत एकाएकी भडकू शकते. सिलिंडर तापवल्यास त्यातील दाब वाढतो. काही बर्नर बंद करून थोडा वेळ थांबणे किंवा भरलेला सिलिंडर लावणे, हेच योग्य उपाय आहेत.

ज्योत काय सांगते?

पुरवठा ठीक असेल, तर ओव्हनच्या बर्नरकडे वळावे. बऱ्याच ओव्हनमध्ये तळाच्या पत्र्याला ठेवलेल्या छिद्रातून किंवा फटीतून ज्योत दिसते. ती निळी, स्थिर आणि सर्व छिद्रांवर सारख्या उंचीची असावी.

ज्योतीचे टोक पिवळे असेल आणि ताटाच्या खाली काजळी धरत असेल, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. जेटमधून वेगाने निघालेला गॅस आपल्याबरोबर बाजूची हवा ओढून घेतो आणि हे मिश्रण बर्नरच्या नळीतून पुढे जाते. हवेच्या वाटेत धूळ, तेलकट किटण किंवा कोळिष्टक असेल, तर मिश्रणात हवा कमी पडते. ओव्हन महिनोन्‌महिने वापरला नसेल, तर बर्नरच्या नळीत कोळी जाळे विणतो आणि क्वचित कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. सणापुरता वापरला जाणारा ओव्हन नेमका सणालाच रुसतो, त्याचे हे एक साधे कारण आहे.

ज्योत बर्नरपासून उचलल्यासारखी होऊन फुरफुर आवाज करत असेल, तर हवा प्रमाणाबाहेर आहे किंवा गॅसचा दाब अधिक आहे. बर्नरच्या एका बाजूलाच ज्योत असेल, तर दुसऱ्या बाजूची छिद्रे बुजलेली आहेत. ताटाचा एकच भाग भाजला जाण्याचे हे नेहमीचे कारण होय. याची खात्री करण्यासाठी भाजताना अर्ध्या वेळेनंतर ताट फिरवावे. आधी मागे राहिलेला भागही नव्या जागी खरपूस झाला, तर दोष त्या जागेचा, म्हणजे ओव्हनचा, आहे. ताट फिरवूनही तेच तुकडे कच्चे राहिले, तर ते जाड आहेत काय ते पाहावे.

बर्नरची छिद्रे साफ करणे हे घरचे काम आहे. गॅसचा पुरवठा मुख्य कळीपाशी बंद करावा, ओव्हन पूर्ण गार होऊ द्यावा, तळाचा पत्रा काढावा आणि मऊ ब्रशने किटण झाडावे. बर्नर सहज सुटा होत असेल, तर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करून बसवावा. जेटला मात्र सुई किंवा तार लावू नये. जेटचे छिद्र अतिशय बारीक आणि ठरावीक मापाचे असते. सुईने ते किंचित मोठे झाले, तरी गॅस जास्त येऊ लागतो, ज्योत पिवळी पडते आणि साफसफाईतून नवाच दोष उद्भवतो.

पिवळ्या ज्योतीकडे दुर्लक्ष करू नये, याचे कारण केवळ काळी पडलेली भांडी नाहीत. अपुऱ्या हवेत गॅस जळला, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे आहेत आणि ती थकव्याची समजून माणूस त्याच बंद खोलीत झोपून राहतो. म्हणून ओव्हन चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी असावी आणि खोली उबदार करण्यासाठी ओव्हन कधीही पेटवून ठेवू नये.

कळ सोडताच ज्योत विझते

काही ओव्हन पेटतात, पण कळीवरचे बोट काढताच विझतात. यामागे ओव्हनचे रक्षण करणारी एक युक्ती आहे. बर्नरजवळ पेन्सिलीच्या टोकासारखी एक धातूची कांडी असते. तिला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगवेगळ्या धातूंचा सांधा तापवला, की त्यात अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. ही गोष्ट थॉमस सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८२१ मधील प्रयोगांतून पुढे आली. ओव्हनमध्ये हीच अल्प वीज एका लहान चुंबकाला बळ देते आणि तो चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. ज्योत विझली, की कांडी गार होते, चुंबक सुटतो आणि झडप आपोआप बंद होते. न जळलेला गॅस घरात पसरत नाही.

कांडी तापण्यास थोडा वेळ लागतो. म्हणून पेटवल्यावर कळ दहा ते पंधरा सेकंद दाबून धरावी. तरीही ज्योत विझत असेल, तर कांडीवर काजळी साचलेली असते किंवा ती सरकून ज्योतीच्या बाहेर गेलेली असते. गार ओव्हनमध्ये कोरड्या कापडाने ती हलकेच पुसावी. एवढ्याने भागले नाही, तर कांडी बदलावी लागते आणि ते तंत्रज्ञाचे काम आहे. कळ दोरीने बांधून ठेवणे किंवा ही यंत्रणाच काढून टाकणे म्हणजे घराच्या राखणदाराला सुट्टी देणे होय.

आकडा खरा की खोटा?

ज्योत चांगली आहे, ती टिकते, तरी पदार्थ कच्चा राहतो किंवा करपतो. अशा वेळी तापमानाची तपासणी करावी. बाजारातील काही लहान ओव्हनमध्ये केवळ मंद आणि मोठी ज्योत करण्याची सोय असते. काहींमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारी यंत्रणा, असते. तिची बारीक नळी ओव्हनच्या आत एका चिमट्यात बसवलेली असते. नळीतील द्रव तापून प्रसरण पावतो आणि झडपेवर दाब देऊन गॅस कमी करतो. ठरवलेले तापमान गाठले, की ज्योत लहान होते. ओव्हन गार होऊ लागला, की ती पुन्हा मोठी होते. म्हणून तापलेल्या ओव्हनमधील लहान ज्योत पाहून तो बिघडला असे मानू नये. थंड ओव्हन नुकताच पेटवल्यावर, कळ सर्वाधिक तापमानावर असतानाही ज्योत लहान राहिली, तर मात्र दोष आहे. ती नळी चिमट्यातून निसटून भिंतीला टेकली असली, तरी तापमान चुकीचे राखले जाते.

कळीवरील आकडा खरा आहे का, हे ओव्हनसाठी मिळणाऱ्या लहान तापमापकाने कळते. तो नसेल, तर साखरेची चाचणी करता येते. साखर सुमारे १८६ अंश सेल्सिअसला वितळते. तापलेल्या ओव्हनची कळ १७५ अंशांवर ठेवावी आणि चमचाभर साखर स्टीलच्या वाटीत घालून पंधरा मिनिटे आत ठेवावी. ती वितळू नये. नंतर दुसऱ्या वाटीत नवी साखर घेऊन कळ १९५ अंशांवर न्यावी, ओव्हनला तापायला वेळ द्यावा आणि पुन्हा पंधरा मिनिटे थांबावे. आता ती वितळली पाहिजे. पहिल्याच वेळी वितळली, तर ओव्हन आकड्यापेक्षा अधिक तापतो. दुसऱ्या वेळीही कोरडी राहिली, तर कमी तापतो. वितळलेली साखर त्वचेला चिकटून खोलवर भाजते, म्हणून वाटी जाड कापडाने धरावी आणि मुलांना दूर ठेवावे. फरक थोडा असेल, तर तो लिहून ठेवून कळ तितकी पुढे किंवा मागे लावावी. फरक मोठा असेल, तर थर्मोस्टॅट दुरुस्त करून घ्यावा.

उष्णता निर्माण होऊनही बाहेर निसटत असेल, तर दाराच्या कडेची पट्टी पाहावी. ओव्हन बंद आणि गार असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढावी. ती अडथळ्याविना निघून आली, तर तेथे फट आहे. ओव्हनच्या मागे किंवा वर असलेली धूर बाहेर जाण्याची वाट मात्र बुजवू नये. जळलेला वायू बाहेर गेला, तरच नवी हवा आत येते आणि ज्योत नीट जळते. तळावर ॲल्युमिनियमची पातळ पत्री अंथरून छिद्रे झाकणे आणि ताट भिंतींना टेकेल इतके मोठे घेणे, या दोन्ही सवयी याच कारणाने टाळाव्यात. बर्नर खाली असल्यामुळे गॅस ओव्हनमध्ये तळाला आच अधिक लागते. पदार्थ खालून करपत असेल, तर ताट एक कप्पा वर ठेवून पाहावे.

दाभोळचा वायू आणि बंगळुरूचा ओव्हन

आतापर्यंत पाहिलेली कारणे ओव्हनमध्ये किंवा त्याच्या नळीत होती. एक कारण मात्र ओव्हनच्या बाहेरचे आहे. गावोगावी बदली होणाऱ्या किंवा नोकरीसाठी परप्रांतात जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी ते विशेषकरून समजून घ्यावे.

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथे जहाजांतून आलेला द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवला जातो. वाहतुकीसाठी तो सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत गार करून द्रवरूप केलेला असतो. तेथे त्याचे पुन्हा वायूत रूपांतर होते. दाभोळपासून बंगळुरूपर्यंत सुमारे एक हजार किलोमीटर लांबीची वायुवाहिनी गेल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने टाकली आणि २०१३ साली ती सुरू झाली. ही वाहिनी कोकणातून निघून सह्याद्री ओलांडते आणि बेळगाव, धारवाड, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर या भागांतून बंगळुरूला पोहोचते. त्यानंतरच्या वर्षांत बंगळुरूच्या अनेक वसाहतींत नळाने वायू येऊ लागला. इतर अनेक घरांत सिलिंडरच वापरला जातो.

सिलिंडरमधील गॅस आणि नळाचा वायू यांना आपण बोलताना गॅस असेच म्हणतो, पण ते दोन वेगळे पदार्थ आहेत. सिलिंडरमधील एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. नळाचा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. सारख्याच आकारमानाचा एलपीजी जाळला, तर तो नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीच ते तीन पट उष्णता देतो. घरातील उपकरणाला एलपीजी साधारण ३० मिलिबार दाबाने मिळतो, तर नळाचा वायू साधारण २१ मिलिबार दाबाने मिळतो. तेवढीच उष्णता मिळवायची, तर नैसर्गिक वायू अधिक प्रमाणात बर्नरपर्यंत आला पाहिजे. म्हणून त्याच्या जेटचे छिद्र मोठे असते आणि एलपीजीच्या जेटचे लहान.

आता दोन प्रसंग कल्पून पाहा. पुण्यात सिलिंडरवर चालणारा ओव्हन घेऊन एक कुटुंब बंगळुरूला गेले. नव्या घरी नळाचा वायू आहे. जेट न बदलता तो ओव्हन जोडला, तर लहान छिद्रातून पुरेसा वायू येणार नाही. ज्योत बारीक राहील आणि ताट तासभर ठेवूनही नानकटाई पांढरी राहील. शेगडीचे जेट बदलले आणि ओव्हनच्या आतील जेट बदलायचा राहून गेला, तरी हेच होईल. शेगडी उत्तम आणि ओव्हन मंद, असे कोड्यात टाकणारे लक्षण तेव्हा दिसते.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. महानगर गॅस या कंपनीची स्थापना १९९५ मध्ये झाली आणि पुढे मुंबईत लक्षावधी घरांत नळाचा वायू पोहोचला. अशा घरातील ओव्हन सिलिंडर असलेल्या घरी नेऊन तसाच जोडला, तर मोठ्या छिद्रातून अधिक दाबाने अधिक दाहक गॅस येईल. ज्योत उंच आणि पिवळी होईल, काजळी धरेल आणि विषारी वायू तयार होईल. पहिल्या प्रसंगात पदार्थ बिघडतो. दुसऱ्यात माणसांच्या जिवाला धोका असतो.

दोन्ही प्रसंगांत ओव्हन निर्दोष आहे. बदलले आहे ते इंधन. त्यामुळे ओव्हन जोडण्यापूर्वी त्याच्या मागील बाजूस किंवा दाराच्या चौकटीत लावलेली छोटी धातूची पट्टी वाचावी. ओव्हन कोणत्या गॅससाठी आणि किती दाबासाठी बनवला आहे, हे तिच्यावर छापलेले असते. दाब किलोपास्कलमध्ये दिला असेल, तर एक किलोपास्कल म्हणजे दहा मिलिबार, हे लक्षात ठेवावे. पट्टीवरील इंधन आणि घरातील इंधन वेगळे असेल, तर आधी वायुपुरवठा करणाऱ्या कंपनीच्या किंवा ओव्हन बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडून जेट आणि मंद ज्योतीचा स्क्रू बदलून किंवा जुळवून घ्यावा. दोन ओळींची ती पट्टी वाचता येणे हे येथे हत्याराइतकेच उपयोगी पडते.

बंगळुरूच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. मुंबई समुद्रकाठी आहे आणि पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून बंगळुरूत पाणी सुमारे ९७ अंशांना उकळते. केक तेथे थोडा लवकर फुगतो, त्यातील ओलावा लवकर उडतो आणि कधी तो मध्ये बसतो. मुंबईतील प्रमाण जसेच्या तसे वापरून हा फरक पडला, तर त्याचा दोष ओव्हनला देऊ नये. खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर किंचित कमी करून पाहावी.

हात कोठे थांबवावा?

पाहणे, पुसणे, ब्रशने झाडणे, ताटाची जागा बदलणे, तापमान तपासणे ही आपली कामे आहेत. गॅसचा जोड उघडणे, जेट बदलणे, झडप खोलणे आणि थर्मोस्टॅट सोडवणे ही प्रशिक्षित तंत्रज्ञाची कामे आहेत. खर्च वाचावा म्हणून ही सीमा ओलांडू नये.

ओव्हन पहिल्या प्रयत्नात पेटला नाही, तर कळ बंद करून दार उघडावे आणि आत साचलेला गॅस निघून जाण्यासाठी पाच मिनिटे थांबावे. लगेच दुसरी काडी ओढल्यास साचलेला गॅस एकदम पेट घेतो. गॅसचा वास आला, तर मुख्य कळ बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, कारण त्यातून ठिणगी उडू शकते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. गळतीचा संशय आल्यास जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून कधीही पाहू नये. एलपीजी गळतीची सूचना देण्यासाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. नळाचा वायू असेल, तर तातडीचा क्रमांक देयकावर छापलेला असतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराबाहेर लावावा. तो लावताना घरातील सर्वांना वाचता येईल अशा भाषेत लिहावा.

तंत्रज्ञाला बोलावतानाही आपली निरीक्षणे उपयोगी पडतात. ‘ओव्हन चालत नाही’ एवढेच सांगितले, तर त्याला सर्व तपासणी नव्याने करावी लागते आणि कधी न बिघडलेला भागही बदलला जातो. ‘शेगडीची ज्योत ठीक आहे, ओव्हनची ज्योत पेटते पण कळ सोडताच विझते, कांडी पुसून पाहिली’ असे सांगितले, तर तो योग्य भाग घेऊनच येतो. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून मगच पुढे जावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि ओव्हन सुधारला, तर कोणत्या बदलाने सुधारला हे कळत नाही आणि तोच दोष पुन्हा उद्भवला, की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

ही रीत केवळ ओव्हनपुरती नाही. पाण्याचा पंप, शिलाई यंत्र, सायकल किंवा विजेचा पंखा यांनाही ती लागू पडते. लक्षण नीट पाहावे, त्याचा मार्ग मागे मागे शोधत जावे, सोप्या आणि निर्धोक शक्यता आधी तपासाव्यात आणि आपल्या कामाची सीमा ओळखावी. असे केले, की वेळ आणि पैसा वाचतो आणि घरातील माणसे सुरक्षित राहतात.

आकलनासाठी प्रश्न

१. शेगडीची ज्योत ठीक आणि ओव्हनची ज्योत मंद असेल, तर दोष कोठे शोधावा? कारण सांगा.

२. जेट सुईने साफ का करू नये?

३. तापलेल्या ओव्हनमधील ज्योत लहान झाली, म्हणजे तो बिघडला असे का म्हणता येत नाही?

४. नळाच्या वायूसाठी बनवलेला ओव्हन जेट न बदलता सिलिंडरला जोडल्यास कोणते धोके संभवतात?

५. तुमच्या घरातील गॅस उपकरणावरील माहितीची पट्टी शोधा. तिच्यावरील गॅसचा प्रकार आणि दाब वहीत लिहा. ते तुमच्या घरातील इंधनाशी जुळतात का, ते पाहा.

६. घरातील एखादे उपकरण बिघडले आहे, अशी कल्पना करा. तंत्रज्ञाला ते दूरध्वनीवरून कसे सांगाल, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.